माल कोणाच्या हाती द्यावा?



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. व्यापाराचे शास्त्र आम्ही शिकलो नाही. पण इतवारीतील एक भगिनी घरच्या कुरडया इंटरनेटवरून विकू लागली आणि आम्हांला विचारती झाली, ‘माल टपालाने धाडू की कुरिअरने?’

आम्ही म्हटले, आधी खोके मोजा. 40 × 30 × 20 सेंटिमीटरच्या खोक्यात दोनच किलो कुरडया असल्या, तरी लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला 5000 ने भागून पुष्कळ कंपन्या 4.8 किलोचे भाडे लावतात. म्हणजे भाडे हवेचे! मग पत्ता पाहा. पुण्या-मुंबईला दोघेही पोहोचतील. भामरागडकडच्या आडगावी टपालाचाच भरवसा अधिक. रजिस्टर टपाल 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले, हेही ध्यानी ठेवा. आणि परत आलेल्या मालाचे भाडे कोणावर, ते आधीच विचारा.

आता आमचा प्रश्न. स्वस्त भाडे निघते कोणाच्या घामातून? नगावर मजुरी घेणारा पोरगा काय नि ग्रामीण डाकसेवक काय, दोघेही कायम नोकरीवाचून राबतात. चार पैसे वाचवताना आपण कोणाची मजुरी तर कापत नाही ना, एवढे तपासा. मगच खोके हवाली करा.