भाड्याच्या घराचा हिशेब

(पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



भाड्याने देण्यासाठी पनवेलला घर घ्यावे काय, हा प्रश्न हल्ली आपल्याच मंडळींकडून, निवृत्त शिक्षकांकडून, एस.टी. कर्मचाऱ्यांकडून वारंवार येतो. तो टाळण्यात अर्थ नाही. भविष्यनिर्वाह निधीची सारी पुंजी त्यात अडकते. २०२४ साली अटल सेतू खुला झाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि दलालांच्या तोंडी ‘भाव चढणार’ याखेरीज दुसरी भाषा उरली नाही.

पण चढता भाव म्हणजे भाडे नव्हे. समजा, ६० लाखांचे घर घेतले आणि महिना १५ हजार भाडे आले. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामे राहणार. सोसायटीची वर्गणी, मालमत्ता कर, रंगरंगोटी वजा करा. हाती सव्वा लाख उरले तर पुष्कळ. म्हणजे शेकडा २ हून किंचित अधिक. याउलट शेकडा ८ दराने ४० लाख कर्ज काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ३ लाखांवर जाते. ही तूट ज्याला पगारातून सोसते त्यानेच या वाटेला जावे. निवृत्ताने कर्ज काढून तर मुळीच जाऊ नये.

घराआधी जमीन पाहावी. सिडकोने संपादन केलेल्या जमिनींसाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून आला. अशा भूखंडांवर आज इमारती उभ्या आहेत. तेव्हा भाडेपट्टा कोणाच्या नावे, भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, हे आधी विचारावे. गावठाणालगतची ‘गरजेपोटी’ बांधलेली घरे स्वस्त मिळतात खरी, पण ती स्थानिकांच्या निवाऱ्याची आहेत आणि कागदाला कच्ची. त्यांच्या वाटेस जाऊ नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि ते रास्तच आहे. सोसायटीलाही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क आकारता येत नाही.

राहता राहिली अनामत. तळोज्याच्या कारखान्यातला कामगार सहा महिन्यांचे भाडे एकदम कोठून आणणार? मी तरी दोनच महिन्यांची अनामत घेण्यास सांगतो, आणि तिची पावती देण्यास.