सर्वांत मोलाचा गडी

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बदलापूर स्थानकाच्या पूर्वेस कात्रप आहे. एके काळचें हें खेडें आतां इमारतींनीं भरून गेलें आहे, आणि तेथील पुष्कळ कर्त्या माणसांचा दिवस मुंबईच्या लोकलनें सुरू होऊन लोकलनेंच संपतो. अशा वस्तींत रात्रीच्या जेवणानंतर घरांतील लहानथोर मंडळी कबड्डीचा सामना पाहावयास बसतात, यांत नवल कांहीं नाहीं. सामना संपला म्हणजे वाद सुरू होतो. आणि हंगाम संपला म्हणजे त्या वादाला एक विषय हमखास मिळतो: यंदाचा सर्वांत मोलाचा खेळाडू कोण?

वरवर पाहतां हा प्रश्न रिकामटेकडेपणाचा वाटेल. परंतु घरांतील मोठीं माणसें ज्या गड्याला मोलाचा म्हणतात, त्याच्यासारखें होण्याची इच्छा मुलांच्या मनांत उपजते. म्हणून कोणाला मोलाचें म्हणावयाचें, हा खेळापुरता प्रश्न राहत नाहीं. कोणत्या प्रकारच्या कामाला मान द्यावयाचा, असा तो प्रश्न आहे.

प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचें उदाहरण या दृष्टीनें फार बोधक आहे. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें झालेल्या अंतिम सामन्यांत पुणेरी पलटणनें हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून प्रथमच अजिंक्यपद मिळविलें. त्या हंगामांत चढाईचे सर्वाधिक गुण दोघांच्या नांवावर होते: दबंग दिल्लीचा आशू मलिक आणि जयपूर पिंक पँथर्सचा अर्जुन देशवाल, प्रत्येकाचे २७६. सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान मात्र पुण्याचा कर्णधार, महाराष्ट्राचा तरुण गडी अस्लम इनामदार याला मिळाला. त्याचे चढाईचे गुण होते १४२, आणि पकडीचे २६. ज्याच्या चढाईचे गुण अव्वल गड्यांच्या जेमतेम निम्मे, त्याला हा मान कां मिळावा?

आशू मलिकच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें सहज उडवून लावण्याजोगें नाहीं. दिल्लीचा प्रमुख चढाईपटू नवीनकुमार दुखापतीमुळें हंगामाच्या आरंभींच बाहेर गेला. त्यानंतर संघाचा सारा भार आशूवर पडला, आणि त्या भरंवशावर दिल्ली बाद फेरीपर्यंत पोहोंचली. तेथें पाटण्याकडून ती ३७–३५ अशी हरली, तीही अवघ्या दोन गुणांनीं. ज्याच्या खांद्यावर एवढें ओझें होतें, त्याला मोलाचा म्हणावयाचें नाहीं तर कोणाला?

याला पुण्याच्या पक्षाचें उत्तर असें कीं, ओझें एकाच्या खांद्यावर पडूं न देणें हेंही कर्णधाराचें काम आहे. साखळींतील २२ सामन्यांपैकीं पुण्यानें १७ जिंकले, ३ बरोबरींत सोडविले आणि केवळ २ गमावले. पुण्याच्या चढाया अस्लम, मोहित गोयत आणि पंकज मोहिते यांच्यांत वांटलेल्या होत्या. अंतिम सामन्यांत तर सर्वाधिक गुण पंकजनें मिळविले. जेथें तिघे चढाई करतात, तेथें एकाच्या नांवापुढें २७६ हा आंकडा दिसणारच नाहीं. तो दिसत नाहीं, हीच त्या संघाची शक्ति होय.

आतां खेळाच्या घडणीकडे वळावें. कबड्डींत एका बाजूस सात गडी. चढाई करणाऱ्यानें ज्यांना स्पर्श केला ते बाद होतात, आणि तेवढे गुण त्याच्या नांवावर चढतात. उलट, त्याची पकड झाली तर बचाव करणाऱ्या संघाला बहुधा एकच गुण मिळतो. कोष्टकांत एवढेंच लिहिलें जातें. परंतु पकडला गेलेला चढाईपटू बाहेर जाऊन बसतो, आणि त्याच्या संघानें गडी जिवंत करणारा गुण मिळविल्यावांचून त्याला परत येतां येत नाहीं. तो बाहेर असेपर्यंत जे गुण त्यानें मिळविले असते, ते कोणाच्याही नांवावर मांडले जात नाहींत. म्हणजे चढाईपटूचें काम हिशेबांत पुरतें दिसतें, आणि पकड करणाऱ्याचें अर्धेंच.

याच तऱ्हेचा वाद अमेरिकेंतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्यें साठ वर्षांपूर्वींच होऊन गेला. १९६१–६२ च्या हंगामांत फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेननें दर सामन्यास सरासरीनें ५०.४ गुण मिळविले. २ मार्च १९६२ रोजीं तर एका सामन्यांत त्यानें एकट्यानें १०० गुण केले. बॉस्टनच्या बिल रसेलची सरासरी होती अवघी १८.९. क्रीडा-वार्ताहरांनीं वर्षाचा सर्वोत्तम संघ निवडला, तेव्हां मध्यस्थानीं चेंबरलेनलाच बसविलें. परंतु सर्वांत मोलाच्या खेळाडूचें मतदान त्या काळीं स्वतः खेळाडूच करीत असत, आणि त्यांनीं तो मान रसेलला दिला.

एकाच हंगामाबद्दल हे दोन निर्णय झाले. पण त्यांत विसंगति मानण्याचें कारण नाहीं. वार्ताहरांना विचारलें होतें, उत्तम कोण? खेळाडूंना विचारलें होतें, मोलाचा कोण? रसेलचें मुख्य काम होतें प्रतिपक्षानें टोपलीकडे फेकलेला चेंडू हवेंतच अडविण्याचें. आपल्या पाठीमागें तो उभा आहे, या विश्वासावर त्याचे सोबती पुढें होऊन धाडस करीत. गंमत अशी कीं, अशा अडवणुकींची अधिकृत नोंद ठेवण्यास १९७३–७४ पासून सुरुवात झाली, आणि रसेल त्यापूर्वींच निवृत्त झाला होता. जें काम कोठेंही लिहिलें जात नव्हतें, तें त्याच्याशीं झुंजणाऱ्यांना मात्र अंगावर अनुभवास येत होतें. बॉस्टननें त्या वर्षीं ८० पैकीं ६० सामने जिंकले, फिलाडेल्फियानें ४९.

हाच विचार शेवटपर्यंत नेला, तर २०२४ चा निवाडा अस्लमपाशींही थांबत नाहीं. पुण्याच्या त्याच संघांत इराणचा महंमदरझा शादलुई होता. त्यानें पकडीचे ९९ गुण मिळविले. इतके त्या हंगामांत दुसऱ्या कोणीही मिळविले नाहींत. अस्लमनें चढाई वांटून दिली हें खरें. पण चढाई फसली तरी मागची फळी सांभाळून घेईल, हा विश्वास असल्यामुळेंच ती मोकळ्या मनानें वांटतां आली. हा विश्वास निर्माण करणारांमध्यें शादलुई अग्रगण्य होता. त्याला उत्कृष्ट बचावपटू म्हणून गौरविण्यांत आलें; परंतु सर्वांत मोलाचा गडी म्हणूनही त्या वर्षीं त्याचाच हक्क अधिक होता, असें म्हणणें भाग आहे.

बाजारांतील किंमत हें मोलाचें माप नव्हे, हेंही त्याच हंगामानें दाखविलें. लिलावांत सर्वांत मोठी बोली लागली ती पवन सेहरावतवर: दोन कोटि साठ लक्ष पन्नास हजार रुपये. पवन थोर चढाईपटू, यांत शंका नाहीं. चढाईचे दोनशेंहून अधिक गुण त्यानें मिळविलेही. तरी त्याचा तेलुगू टायटन्स संघ २२ पैकीं २ सामने जिंकून तळाशीं राहिला. एकट्याच्या गुणांनीं घर उभें राहत नाहीं, याला याहून बोलकें उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

पुढल्या हंगामांत शादलुई हरियाणाकडे गेला. २९ डिसेंबर २०२४ रोजीं हरियाणानें पाटण्याला ३२–२३ असें हरवून आपलें पहिलें अजिंक्यपद जिंकलें, आणि सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान या वेळीं शादलुईच्या पदरांत पडला. चढाईच्या गुणांत पाटण्याचा देवांक तीनशेंवर जाऊन सर्वांत पुढें होता, तरीही. इकडे पुणें बाद फेरीपर्यंतही पोहोंचलें नाहीं. अर्थात् हें सारें शादलुईच्या जाण्यानेंच घडलें, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. अस्लमही त्या हंगामांत दुखापतीनें मधूनच बाहेर गेला होता. एकाचें मोल दुसऱ्यापासून इतकें स्वच्छ वेगळें काढतां येत नाहीं, आणि म्हणूनच हा वाद दरवर्षीं नव्यानें होतो. तो व्हावाही.

मात्र तो करतांना गुणांचा तक्ता पाहून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: कोणाच्या भरंवशावर बाकीचे सहाजण निर्धास्त खेळले? कात्रपच्या काय किंवा आणखी कोठल्या काय, मैदानावर जमलेल्या प्रत्येक मुलाला चढाईलाच जावयाचें असतें. कोपरा धरून उभें राहावयास कोणी राजी नसतो. वडील माणसांच्या वादांत कोपऱ्यावरच्या गड्याचें नांव निघूं लागलें, तर ती जागा घेण्यास मुलेंही आपण होऊन पुढें येतील.