परवान्याची बंदूक

(नभोवाणीवरील भाषण)

खंडेनवमीच्या दिवशी इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून शस्त्रांची पूजा होते. भिंतीवरच्या तलवारी, कट्यारी आणि एखाद्या घरी ठासणीची बंदूक खाली उतरते; ती पुसून-घासून पाटावर मांडली जाते आणि तिच्यावर झेंडूची फुले वाहिली जातात. आता बहुतेक घरांच्या पाटावर शस्त्रांऐवजी कारागिराचे पाने-पकडी आणि मुलांच्या दप्तरातील वह्या-पुस्तके दिसतात, आणि त्यात वाईट वाटण्यासारखेही काही नाही. परंतु ज्या घरी अजून चालती बंदूक आहे, त्या घरी तिच्यासोबत आणखी एक वस्तू जपून ठेवावी लागते. ती म्हणजे तिचा परवाना. बंदूक आजोबांची असली तरी परवाना नातवाच्या नावाचा लागतो, आणि तो मुदतीचा असतो.

या परवान्यावरून २०१९ च्या अखेरीस देशात एक वाद उभा राहिला. २९ नोव्हेंबर रोजी केंद्र सरकारने शस्त्रकायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत मांडले. तोपर्यंत एका माणसास परवान्यावर तीन बंदुका बाळगता येत असत. मूळ मसुद्याप्रमाणे ही संख्या एकावर यावयाची होती. परवानाधारकांनी हरकत घेतली, नेमबाजांनी घेतली, पंजाब-राजस्थानसारख्या प्रांतांच्या प्रतिनिधींनीही घेतली. कोणी वडिलोपार्जित शस्त्रांचा प्रश्न काढला, कोणी आडगावी राहणाऱ्या शेतकऱ्याचा. अखेर सरकारने आकडा एकावरून दोनावर नेला आणि ९ डिसेंबरला लोकसभेत व १० डिसेंबरला राज्यसभेत विधेयक संमत झाले. एक आणि तीन यांच्यामधली तोड दोन, असा हा बाजारातल्या सौद्याप्रमाणे झालेला निकाल वरवर पाहणारास वाटेल. तथापि हा वाद बंदुकांच्या संख्येचा कधीच नव्हता. सरकारने नागरिकावर विश्वास ठेवावा की नागरिकाने आपण विश्वासास पात्र असल्याचे आधी सिद्ध करावे, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे.

माळव्यापुरते पाहिले तर त्याची पाळेमुळे फार लांब शोधावी लागत नाहीत. यशवंतराव होळकरांनी आपल्या अखेरच्या वर्षांत भानपुऱ्यास तोफा ओतण्याचा कारखाना घातला होता. १८११ साली तेथेच त्यांचे निधन झाले. पुढे सहाच वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपुरास होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने संस्थानाच्या संरक्षणाचा भार कंपनी सरकारने आपल्याकडे घेतला. दुसऱ्याचे संरक्षण करण्याचा पत्कर घेणारा हळूहळू त्याची हत्यारे नकोशी मानू लागतो, हे पुढच्या घटनांनी दाखवून दिले. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. सादतखानाचे नाव त्या दिवसाशी कायमचे जोडले गेले आहे. कर्नल ड्युरंडला रेसिडेन्सी सोडून जावे लागले, आणि महूच्या छावणीतही शिपायांनी उठाव केला. त्याच वर्षी कंपनी सरकारने हत्यारांवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि १८६० साली तो अधिक कडक झाला.

परंतु ज्या कायद्याचे नाव पुढे सत्तर वर्षे देशाच्या तोंडी राहिले, तो १८७८ चा. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत एकाच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप बसले आणि लोकांच्या हातातील हत्यारे परवान्याच्या कक्षेत आली. लॉर्ड रिपनने वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला. हत्यारांचा मात्र तसाच राहिला. होळकरांच्या मुलुखास हा ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा थेट लागू नव्हता, पण त्या मुलुखाच्या ऐन मध्यभागी रेसिडेन्सीची हद्द होती, आणि अवघ्या काही कोसांवर महूची छावणी होती. या कायद्यातील खरा काटा परवान्याचा नव्हता. परवाना कोणाला लागत नाही, यात तो होता. युरोपियन माणसाला त्यातून सूट होती. ज्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलवार वागविली त्या हिंदी गृहस्थाला मात्र साध्या बंदुकीसाठी कलेक्टरच्या कचेरीत अर्ज घेऊन उभे राहावे लागे.

राष्ट्रसभा जन्मास येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच हा विषय तिच्यासमोर आला. १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनात शस्त्रकायद्यात बदल मागणारा ठराव झाला. तरुण बिपिनचंद्र पाल त्यावर बोलले. ठरावाची भाषा पाहिली तर तीत बंडाचा वास नाही. लोक राजनिष्ठ असताना त्यांच्यावर हा अविश्वासाचा डाग का, असा तिचा रोख होता. शेतात रानडुकरे शिरतात, गावकुसाबाहेर वाघ फिरतो आणि रयत काठीने त्यांना तोंड देते, ही तक्रारही त्या काळी वारंवार मांडली गेली. म्हणजे पोटाचा प्रश्न आणि मानाचा प्रश्न एकाच वेळी मांडला गेला. मानाच्या प्रश्नाला अधिक टाळ्या मिळाल्या असतील, पण रयतेच्या दृष्टीने पहिला प्रश्नच मोठा होता.

पुढील गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. अहिंसेचा जगाला उपदेश करणारे गांधीजी या बाबतीत सर्वांच्या पुढे होते. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांनी काढलेल्या पत्रकात, साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, अशा अर्थाचे विधान आहे. १९३० च्या जानेवारीत त्यांनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतील शेवटची स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने द्यावेत, ही होती. मात्र त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, अशी पुस्तीही तिला होती. ही पुस्ती सहसा कोणी ध्यानात घेत नाही. परवाना नको, असे गांधीजी म्हणत नव्हते. परवाना देणारा हात परका नसावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९३१ च्या कराचीच्या ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क आला, तो याच विचारातून.

मग स्वराज्य आले आणि प्रश्नाचे तोंडच फिरले. १९४८ च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घटना समितीत स्वातंत्र्यविषयक हक्कांच्या कलमावर चर्चा झाली. मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामथ यांनी तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क घालावा, अशी सूचना आणली. सनदी नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या बाजूस गेलेला हा निर्भीड माणूस. त्यांनी सभेला कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. काल जे मागितले ते आज आपलेच राज्य असताना का नाकारता, हा त्यांचा सवाल होता, आणि तो साधा नव्हता.

त्याला उत्तर दिले डॉक्टर आंबेडकरांनी. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ पलटणीत सुभेदार होते. महार जातीचे शिपाई ज्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या लढले, त्याच सैन्याची दारे बाबासाहेबांच्या बालपणी त्यांच्या जातीस बंद झाली. हत्यार हातातून काढून घेणे म्हणजे काय, हे त्या सभागृहात त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? तरीही त्यांनी कामथांची सूचना मान्य केली नाही. कराचीच्या ठरावाची परिस्थिती आता उरलेली नाही, असे त्यांनी सांगितले. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र उचलण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. आणि कोणीही बाजारात जाऊन हवी ती हत्यारे विनाअडथळा विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालेल कसा, याची आपल्याला कल्पनाच करता येत नाही, असेही त्यांनी बजावले. सूचना फेटाळली गेली. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून असलेला हक्क भारताच्या घटनेत आला नाही, तो विसरभोळेपणाने नव्हे, तर विचारपूर्वक. आज जे कोणी शस्त्र हा आपला मूलभूत हक्क आहे असे मांडतात, त्यांना या चर्चेला वळसा घालून जाता येणार नाही.

हक्क नाही, मग उरते ती काय, कृपा? तसेही नाही. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्यात एक बारीकसे पण मोलाचे पोटकलम आहे: अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने त्याला परवाना नाकारता येणार नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याची सोयही त्यात आहे. परवाना नाकारला तर सामान्यतः कारणे लेखी द्यावी लागतात आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. जी शस्त्रे इतकी पुरातन वा मोडकी आहेत की त्यांतून बार निघूच शकत नाही, ती कायद्याबाहेर ठेवली आहेत. खंडेनवमीच्या पाटावरच्या पुष्कळशा वस्तू त्यामुळे सुखरूप आहेत. एकंदरीत हा कायदा लिटनच्या कायद्याहून वेगळ्या मनाने लिहिलेला आहे.

कागदावरचे मन आणि कचेरीतले मन मात्र एकच असते असे नाही. याच मध्य प्रदेशात २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्यास बंदुकीच्या परवान्यात अग्रक्रम देण्याची योजना निघाली होती. २०१९ साली ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना हवा असेल तर दहा झाडे लावा, अशी अट घातली. हेतू दोन्हींचे लोकहिताचे होते आणि झाडे लावणे तर निश्चितच चांगले. पण परवाना हे बक्षीस म्हणून देता येऊ लागले की तो कायद्याचा निर्णय राहत नाही. ज्याला खरोखरच जिवाची भीती आहे त्याने आधी खड्डे खणावेत काय?

१९८३ साली प्रत्येकी तीन बंदुकांची मर्यादा आली आणि २०१९ साली ती दोनावर आली. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांनी ती एका वर्षाच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची होती. वारसाहक्काने आलेल्या शस्त्राचा परवाना देतानाही दोनाची मर्यादा ओलांडता येत नाही. म्हणजे पणजोबांची दुनळी, वडिलांची रायफल आणि स्वतःचे पिस्तूल यांपैकी एकीला घर सोडावे लागले. हे दुःख खरे आहे; पण ते भावनेचे आहे, संरक्षणाचे नव्हे. दोन बंदुका असताना तिसरीवाचून जीव धोक्यात येतो, हे कोणाला पटवून देता आलेले नाही. नेमबाजांची बाजू वेगळी होती. महूच्या सैनिकी नेमबाजी केंद्रात तयार झालेले विजयकुमार २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवून आले. निरनिराळ्या स्पर्धांना निरनिराळी शस्त्रे लागतात. ते ओळखून २०२० च्या फेब्रुवारीत सरकारने नेमबाजांसाठी वेगळी अधिसूचना काढली. विरोध मुद्देसूद असेल तर तो ऐकला जातो, याचे हे उदाहरण. वरातीत बार उडवून लोकांचे जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, ही तरतूदही याच दुरुस्तीतली; तिला विरोध करण्याचे कारण कोणा समंजस परवानाधारकास नव्हते.

परवानाधारकांची जी तक्रार सर्वांत वजनदार आहे, ती निराळीच. केंद्रीय गृहखात्याच्या आकड्यांप्रमाणे २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने चालू होते. त्यांतील पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या उत्तर प्रदेशात. या सर्वांची नावे, पत्ते आणि बंदुकांचे क्रमांक सरकारदरबारी नोंदलेले आहेत. ज्यांची नोंद कोठेच नाही ते गावठी कट्टे आणि पिस्तुले इंदुरापासून फार दूर बनत नाहीत. निमाडातील बडवाणी, खरगोन या जिल्ह्यांतील काही वस्त्यांतून ती निघतात आणि सातपुडा ओलांडून महाराष्ट्रात उतरतात, हे दोन्ही प्रांतांच्या पोलिसांना पुरते ठाऊक आहे. चोरून शस्त्र बनविणारास २०१९ च्या दुरुस्तीने किमान सात वर्षांची आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा ठेवली. तरी हा धंदा थांबला नाही, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाला बिनपरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची आपण होऊन दखल घ्यावी लागली. ज्याची नोंद आहे त्याच्यावर बंधन घालणे सोपे असते, म्हणून ते आधी घातले जाते, असा परवानाधारकांचा आक्षेप आहे. आणि तो खोडून काढणे कठीण आहे.

निवडणूक आली की हा आक्षेप ठाण्याच्या दारात उभा राहतो. आचारसंहिता लागताच बंदुका जमा करण्याचे हुकूम निघतात. खेड्यातला शेतकरी पिकाच्या ऐन दिवसांत आपली बंदूक खांद्यावर टाकून ठाण्यात नेतो, पावती घेतो आणि रात्री शेतात शिरलेल्या जनावरांना डबे वाजवून हुसकावतो. गोव्यातील परवानाधारकांनी याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील खंडपीठाने सरसकट हुकूमाची पद्धत मान्य केली नाही. कोणाची बंदूक जमा करणे आवश्यक आहे, याचा छाननी समितीने प्रत्येकाच्या बाबतीत स्वतंत्र विचार करावा, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंग्यात सापडलेले यांच्याकडे प्रथम पाहावे, आणि निवडणूक आटोपताच शस्त्र परत द्यावे, असा त्या निकालाचा आशय आहे. निवडणूक आयोगानेही पुढे त्याला अनुसरून सूचना दिल्या. निवडणुकीच्या दिवसांत शस्त्रांवर नजर ठेवू नये, असे कोणी म्हणत नाही. नजर माणसागणिक ठेवावी, आणि ज्याची बंदूक न्यावयाची त्याला कारण सांगून न्यावी, एवढीच परवानाधारकांची मागणी आहे.