न पिता चढलेली

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी दारू पीत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढची हकिगत ऐकताना कुणाला शंका नको. तीस-पस्तीस वर्षं कवींच्या मैफलींत बसलो. पेले समोरून फिरले आणि मी चहावर भागवलं. मित्र म्हणायचे, "भाई, म्हणूनच तुमची कविता कोरडी राहिली." मी हसून सोडून द्यायचो.

तर गोष्ट २०१७ सालची. आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावात कविसंमेलन होतं. देवळासमोर मांडव, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं व्यासपीठ, आणि श्रोते असे की जागचे हलायला तयार नाहीत. माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि ट्रॉलीला लावलेल्या पायरीवर पाय सटकला. दोघांनी धरलं. माइकसमोर उभा राहिलो तर जीभ जड. स्वतःचीच कविता, शंभर वेळा म्हटलेली, तिसऱ्या ओळीशी अडकली. आवाज घोगरा, शब्द चिकट. पहिल्या रांगेतला एक पोरगा शेजाऱ्याला म्हणाला, "लागलेत वाटतं." माइक चालू होता, त्याचं बोलणं माझ्यापर्यंत स्पष्ट आलं. संयोजकांनी मोठ्या अदबीनं मला खाली बसवलं. ती अदबच जास्त लागली.

खरं तर गेले सात-आठ महिने काहीतरी बिघडलं होतं. मे महिन्यातही अंगावर चादर लागायची. चेहरा सुजलेला, पापण्या जड. नमाजात सजद्यातून उठताना तोल जायचा. कचेरीत चार ओळींची टिपणी लिहायला अर्धा दिवस. मी म्हणायचो, वय झालं. कुणीतरी सांगितलं, अशक्तपणा आहे, द्राक्षासव घ्या. ते सुरू केलं. त्या दिवशीही गावाला निघताना दोन झाकणं घेऊन निघालो होतो. म्हणजे पाय लटपटणारा, जीभ जडावलेली आणि तोंडाला वास! फिर्यादीला आणखी पुरावा काय पाहिजे?

बातमी माझ्याआधी मोहल्ल्यात पोचली. थोरले भाऊ घरी आले. खुर्चीत बसले, पुढ्यातल्या चहाला हात लावला नाही. म्हणाले, "तू पीने लगा क्या रे?" मी बोलायच्या आधी बायकोनं ती बाटली आणून टेबलावर आदळली. मुलीनं लेबलावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली, की यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच करतात. त्यांच्यात शंभरात बारा भागांपर्यंत अल्कोहोल असू शकतं. आम्हाला घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. भाऊ म्हणाले, "म्हणजे आहेच की!" इतक्या तंग घटकेलाही मुलीला हसू आलं. भावाला आलं नाही. दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

बायकोनं मला डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला नाव-गाव विचारलं आणि उत्तर ऐकत राहिले. मी काय सांगतोय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, आवाजाकडे होतं. मग घोट्याच्या मागे रबरी हातोडी मारून पाहिली. पाऊल हललं, पण परत जाग्यावर यायला वेळ लागला. ते म्हणाले, "थायरॉइडची तपासणी करू." मी म्हणालो, "तो तर बायकांचा आजार." ते म्हणाले, "बायकांमध्ये जास्त असतो. म्हणूनच पुरुषांचा उशिरा सापडतो."

श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी ही गोळी असेल, तरी थोडक्यात सांगतो. गळ्यात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. शरीराची शेगडी किती पेटती ठेवायची ते तिच्या रसावर ठरतं. रस कमी पडला की सगळं मंदावतं. नाडी, आतडी, विचार, जीभ, सगळंच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आठ शहरांच्या पाहणीत मोठ्या माणसांपैकी जवळजवळ अकरा टक्के लोकांत हे प्रमाण कमी सापडलं होतं. मुंबई त्या आठांत होती.

पुढं एकदा डॉक्टरांनीच मला रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांबद्दल सांगितलं. १९४९ साली त्यांनी या आजारामुळं वेड लागलेल्या चौदा रुग्णांवर लेख लिहिला. अशा रुग्णाचा आवाज कसा लागतो, तर पेंगुळलेल्या, सर्दी झालेल्या आणि थोडी घेतलेल्या माणसाची खराब तबकडी वाजावी तसा, अशा अर्थाचं वर्णन त्यात आहे. थोडी घेतलेल्या! मी ते भावाला सांगितलं. तोवर माझी गोळी सुरू होऊन आवाज सुटायला लागला होता. भाऊ ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "चाय मंगा." आमच्याकडे याला माफी म्हणतात.

इथपर्यंत ही माझी गोष्ट झाली. खरं सांगायचं ते पुढं आहे, आणि त्यात माझी बाजू चांगली नाही.

माझा एक कवीमित्र आहे. तेरणेच्या काठाला त्याची शेती. नाव सांगत नाही, पण ही हकिगत सांगायला त्यानंच परवानगी दिली. तो पिणारा, आणि पिऊन शुद्धीत राहण्याचा त्याला अभिमान. मैफल उठली की सगळ्यांना घरी पोचवणारा हाच. पण २०१९ च्या सुमारास उलटं व्हायला लागलं. एका पेल्यात तो आडवा व्हायचा, दुसरा दिवसभर उठायचा नाही. आधी त्यानं दुकानदाराला शिव्या घातल्या, माल भेसळीचा आहे म्हणून. दुकान बदललं. मग ब्रँड बदलला. मग म्हणायला लागला, "भाई, दारूनं मला सोडलं." आम्ही हसायचो. त्याचा चेहरा सुजला, तर लोक म्हणाले दारूची सूज आहे. आवाज बसला, तर म्हणाले दारूनं घसा गेला. कातडी कोरडी पडली, भुवयांची टोकं विरळ झाली. पिणाऱ्या माणसाची एक अडचण असते. त्याला काहीही झालं तरी कारण आधीच तयार असतं.

जानेवारी २०२० मध्ये आमच्या शहरात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. ते सरल्यावर पुढच्या आठवड्यात मित्राच्या शेतावर हुरडा ठेवला. सात-आठ जण होतो. आगटी पेटली, कणसं भाजली, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. बाटली होतीच. मित्रानं दोन घोट घेतले असतील, जास्त नाही. मी शेजारीच होतो, मोजू शकत होतो. बोलता बोलता तो मध्येच थांबला आणि बाजेवर कलंडला. कुणीतरी म्हणालं, आत नेऊ. आणि मी म्हणालो, "चढलीय त्याला. झोपू द्या."

ते मी म्हणालो. ज्याला न पिता प्यालेला ठरवलं होतं, त्यानं. ज्याच्या खिशात तेव्हाही थायरॉइडच्या गोळ्यांची पट्टी होती, त्यानं. दोन घोटांत इतकी कशी चढेल, हा साधा प्रश्न माझ्या मनात आला नाही. तो पिणारा होता, म्हणून विचार तिथंच संपला.

पहाटे तीनला आगटी विझली तेव्हा मला थंडी वाजून जाग आली. त्याच्या अंगावर घोंगडं टाकायला गेलो तर हात दगडासारखा गार. हाक मारली, हलवलं. डोळे अर्धवट उघडले, पण ओळख नाही. श्वास इतका संथ की दोन श्वासांच्या मध्ये माझं काळीज थांबायचं. जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं. वाटेत तुळजापूरचा घाट उतरताना मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो.

दवाखान्यात सगळे सांगत होते, "जास्त झाली असेल." तिथल्या बाईंनी, म्हणजे डॉक्टरांनी, विचारलं, "नक्की किती घेतली होती?" मी म्हणालो, दोन घोट. त्या थांबल्या. त्यांनी पापण्या पाहिल्या, कातडी पाहिली, नाडी मोजली. घोट्यामागे हातोडी मारली तेव्हा त्याचं पाऊल सावकाश, अगदी सावकाश मागं आलं. ती हातोडी पाहिली आणि मला रडू फुटलं. मी म्हणालो, "मॅडम, मला हाच आजार आहे."

मी शेकायच्या पिशव्या आणायला पळत होतो, त्यांनी अडवलं. अशा रुग्णाला बाहेरून एकदम गरम करायचं नसतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या फाकतात आणि रक्तदाब कोसळतो. नुसती ब्लँकेटं, आणि नाकातल्या नळीतून थायरॉइडच्या गोळ्या विरघळवून. पाच दिवस तो अतिदक्षता विभागात होता. सहाव्या दिवशी पहिलं वाक्य बोलला, "हुरडा राहिला का?"

तो बरा होत असताना बाईंनी आम्हाला समजावलं ते असं. रस कमी पडलेल्या माणसाचा मेंदू आधीच पेंगत असतो. झोपेची गोळी, भूल, सर्दीचं गुंगी आणणारं औषध, यांतलं काहीही त्याला इतरांपेक्षा जास्त चढतं. दारूही मेंदूला पेंगवणारीच. म्हणजे झोपाळलेल्या घरात आणखी एक दिवा मालवायचा. शिवाय दारूनं ऊब येते हा समज खोटा आहे. ती कातडीकडे रक्त वळवते, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर निघून जाते. ज्याची शेगडी मुळातच मंद आहे, त्यानं पौषातल्या रात्री उघड्यावर झोपणं म्हणजे काय, ते आम्ही पाहिलं होतं. थंडी आणि गुंगी आणणारे पदार्थ, ही दोन्ही या आजाराच्या माणसाला बेशुद्धीपर्यंत ढकलू शकतात. अशी बेशुद्धी क्वचित येते, पण आली तर जीव जाऊ शकतो.

हे ऐकून उद्या कुणी एका पेल्यात आडवा झाला तर लगेच थायरॉइड ठरवू नका. यकृत बिघडलेलं असेल, साखर उतरलेली असेल, दुसरं एखादं औषध चालू असेल. आणि थायरॉइडच्या प्रत्येक माणसाला असं होतंच असंही नाही. पण वर्षानुवर्षं पचवणाऱ्याला अचानक पचेनाशी झाली, तर दुकान बदलण्याआधी रक्त तपासायला काय हरकत आहे? टी.एस.एच.ची तपासणी आता तालुक्याच्या गावीही होते.

मित्र मात्र मित्रच. बरा झाल्यावर एक दिवस मोबाइल घेऊन आला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१२ साली छापलं होतं की, बेतानं पिणाऱ्यांत हा आजार कमी आढळला. "बघ भाई," म्हणाला, "दारूनं थायरॉइड वाचतो." मी तो कागद बाईंकडे पाठवला. त्यांचा निरोप आला की ती पाहणी आजार कुणाला होतो याची आहे, झालेल्याला काय होतं याची नाही. शिवाय त्यावरून कुणी प्यायला लागावं असंही ठरत नाही. मित्र म्हणाला, "बायका डॉक्टर झाल्या की हेच होतं." जाता जाता सांगतो, आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे आणि पिणाऱ्यानं परवाना घ्यायचा असतो. हा परवाना मुळात प्रकृतीच्या कारणासाठी द्यायचा असतो. मित्राचा परवाना आयुष्यभराचा आहे. तो त्यानं आता जुन्या सातबाऱ्यांच्या फायलीत ठेवलाय.

गोळीचं सांगायचं राहिलं. ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-एक तासानं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब. रमजानमध्ये मी ती डॉक्टरांना विचारून रात्री, इफ्तारच्या जेवणाला तीन-चार तास झाल्यावर घेतो. पिणाऱ्याची सकाळ उशिरा उगवते आणि उठल्या उठल्या त्याला चहा लागतो, म्हणून नेमकी हीच गोळी बुडते. मित्राची वर्षभर बुडत होती.

या गोळीचा इतिहासही मजेचा आहे. १८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसलला जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईला बरं केलं. ती पुढं अठ्ठावीस वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी आठशेहून अधिक मेंढ्या लागल्या. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "तुमच्या बकरी ईदला लागत नसतील एवढ्या."

हल्ली रोज पहाटे फजरच्या नमाजाहून आलो की मी त्याला फोन लावतो. तो झोपेतच उचलतो आणि म्हणतो, "घेतली रे, घेतली." मी म्हणतो, पाण्याचा आवाज ऐकव. मग तो फोनजवळ तांब्या धरतो आणि मला ऐकू येईल असं घटाघटा पितो.