महायुद्ध आणि शाळेचं शेवटचं वर्ष

नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकेत सक्तीच्या लष्करभरतीचं वय २० वरून १८ वर आलं आणि हायस्कूलच्या शेवटच्या वर्गातली मुलं थेट भरतीच्या कक्षेत आली. शैक्षणिक वर्षाच्या उत्तरार्धात बोलावणं आलं, तर वर्ष संपेपर्यंत मुदत मागता येई. युद्धखर्चाला हातभार म्हणून शाळेतच दहा सेंटांची बचत-तिकिटं मिळत. वहीत चिकटवत १८ डॉलर ७५ सेंट जमले, की युद्धरोखा हाती. दहा वर्षांनी त्याचे २५ डॉलर. भंगार आणि जुनं रबर गोळा करायलाही मुलंच पुढे. पेट्रोल रेशनवर गेल्यानं सहलींना कात्री लागली. अशा टंचाईत वर्गाच्या नाटकासाठी थॉर्नटन वाइल्डर यांचं १९३८ चं ‘अवर टाउन’ सोयीचं होतं. त्याला देखावे लागत नाहीत. टेबलं, खुर्च्या आणि शिड्यांवर भागतं.