खाणीतला 'बहादूर'



पहिलं महायुद्ध आपण दहावीला सनावळीपुरतं पाठ केलं. निवृत्तीनंतर मात्र मी त्यातल्या एकाच पोराच्या मागे लागलो. जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिक, जन्म 1892, गाव इंग्लंडातलं साउथ शील्ड्स. लहानपणी तिथल्या वाळूत गाढवावरून मुलांना फेऱ्या मारून आणायचा. 1910 मध्ये ऑस्ट्रेलियात जहाजावरून पळाला, न्यू साउथ वेल्सच्या कोळशाच्या खाणींत राबला. आईला पैसे मात्र धाडत राहिला. घरी लिहिलेली त्याची पत्रं कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत.

1914 ला तो सैन्यात गेला, कर्कपॅट्रिक हे आडनाव गाळून. फुकटात इंग्लंडला पोहोचू, असा हिशेब असावा. उतरवलं इजिप्तमध्ये! तिथून 25 एप्रिल 1915 ला गॅलिपोली. काम जखमींना उचलून आणण्याचं. त्याने एक गाढव धरलं आणि गोळ्यांच्या माऱ्यातून माणसं किनाऱ्यावर आणू लागला. मुक्काम आपल्या तुकडीत नाही, तर 21व्या कोहाट पहाडी तोफखान्याच्या हिंदी खेचरवाल्यांजवळ. ते त्याला 'बहादूर' म्हणत. व्हिक्टोरिया क्रॉस त्याला मिळाला नाही, यावर ऑस्ट्रेलियात अजून वाद होतात. मला विचाराल, तर खेचरवाल्यांनी दिलेली पदवी अधिक मोलाची. जनावर हाकणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं.

19 मे ला त्याला गोळी लागली. वय 22. कबर गॅलिपोलीच्या किनाऱ्यावरच आहे. साउथ शील्ड्समध्ये आता त्याचा पुतळा आहे, गाढवासकट.