नागरिकत्वाचा अर्ज आणि मायदेशाची वाट



आपल्या ज्ञातीतील कित्येक मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तेथील नागरिकत्वासाठी अर्ज केला की निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही, असा समज घरोघरी रूढ आहे. आणि त्यापायी अंथरुणास खिळलेल्या पित्याची भेट लांबणीवर पडते. हा समज निराधार होय. ग्रीन कार्ड वैध असल्यास जाऊन येण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र सलग ६ महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरतात, व तसे नाही हे अर्जदारासच सिद्ध करावे लागते. बोटांचे ठसे, मुलाखत व शपथविधी यांच्या तारखा चुकवून चालत नाही, हे उघडच आहे.

खरी अडचण शपथेनंतरची. तिचा विचार सहसा कोणी करीत नाही. त्या दिवशी ग्रीन कार्ड परत द्यावे लागते, आणि आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यान्वये भारतीय नागरिकत्वही संपते. जुना पासपोर्ट निरुपयोगी. नवा पासपोर्ट व भारताचा व्हिसा हाती येईपर्यंत स्वतःच्याच गावी येणे दुरापास्त! म्हणून आईबापांस आमची विनंती आहे : ‘पोराला उगाच घोर नको’ म्हणून आजार दडवू नका, शपथेपूर्वीच कळवा.